चाकाखाली आईचा हात

खंडेनवमीला आमच्या वडीगोद्रीत सगळ्यांच्या गाड्या धुतल्या जातात, पण चेन कुणी साफ करत नाही. आपल्याला हे पटतच नाही, राव. नुसता हार घालून गाडी चालते का? म्हणून यंदा मीच अंगणात बसलो. गाडीला डबल स्टँड नाही. मग ट्रॉलीचा जॅक इंजिनखाली लावला, पुढचा ब्रेक दोरीनं आवळून बांधला आणि मागचं चाक उचललं. चेन चकाचक झाली. आता गाडी खाली घेणार, तेवढ्यात जॅक तिरका झाला. मी सीटमागची दांडी दोन्ही हातांनी धरून गाडी कशीबशी तोलली.

नेमकी तेव्हाच आई पूजेचं ताट घेऊन आली, खाली बसली आणि तिनं चाकाखाली हात घातला.

"आई, हात काढ!"

"थांब की. लिंबू ठेवून राह्यले."

"अगं, गाडी पडंल!"

"तू धरली ना?"

"धरली, पण जॅक सरकून राह्यला. बाबांना बोलव जल्दी!"

"ते शेतात गेले. अन् सणासुदीचं ओरडू नको."

अंगणाच्या उतारावर लिंबू घरंगळत होतं आणि ती ते पुन्हा चाकाखाली आणत होती. माझे दंड भरून आले. घामानं दांडी निसटत होती.

"आई, पाया पडतो तुझ्या, हात काढ!"

तिनं वर बघितलं. "मेकॅनिक कशाला, मला सगळं येतं म्हणत होता ना? मंग आता तुझाच तुझ्यावर भरोसा न्हाई का?"

"न्हाई! बिलकुल न्हाई!"

तेव्हा कुठं तिनं हात काढला.