पपईच्या रंगाची खोली

…नाई, पण तुमीच सांगा, पंचवीस वर्सांत ज्या माणसानं घरातला बल्ब सोताहून बदलला नाई, थो माणूस एक दिवस रंगाचं शेडकार्ड बगलेत धरून घरी येते अन् म्हणते, "इंदू, तुह्या मशीनच्या खोलीले रंग देऊन टाकू"… तं बाईले शंका येईन का नाई? मी काई संशयी बाई नाई हो! पण कायले? काहून? अन् आत्ताच काहून?

तुमाले सांगते, आमचे हे इथंच दिग्रसले कापसाच्या जिनिंगवर वजनकाट्यावर असतात अन् मी घरी ब्लाऊज शिवते. पश्चिमेच्या अंगाले एक खोली, त्यात माही मशीन, माह्या रिळाचे डबे, माहा आरसा. दुपारी अशी तापते का बिनाविजेची इस्त्री व्हावी, पण हाये ना माही! तीन वर्साखाली आमच्या नणंदबाई, नंदाबाई, महागावहून चार दिवसासाठी आल्या अन् तीन महिने राह्यल्या, त्याच खोलीत! माही मशीन कुठं? गॅसच्या बाजूले! बाया म्हणत, "इंदूबाई, ब्लाऊजले ठेच्याचा वास येते हो." अर्धं गिऱ्हाईक तुटलं माहं. तवापासून कोणी खोलीचं नाव काढलं का माहे कान उभे होतात.

तं मी यायच्यासंग दुकानात निघाली. तं म्हणे, "तू कायले येतं उन्हाची?" घ्या! दळण आणाले धाडताना कधी ऊन आठवलं नाई या माणसाले! मी काई संशयी बाई नाई, पण चप्पल घातली अन् गेलीच.

दुकानदार लखीराम शेठ, तोंडात तंबाखूचा खर्रा, म्हणते, "देखो वहिनी, रंगाच्या दोन जाती. आभाळी, पिस्ता, हे थंडे. पिवळा, पपई, हे गरम. झोपाच्या खोलीले थंडा, डोकं शांत राहते. बसाच्या-बोलाच्या खोलीले गरम, माणूस खुलते." तसे आमचे हे फाटकन म्हणाले, "थंडा! आमाले थंडाच पायजे!"

झोपाच्या?… मशीन झोपते का माही? कोण झोपणार हाये तिथं?

संध्याकाळी भांडे घासता घासता ऐकलं, हे आंगणात फोनवर कुजबुजून राह्यले, "हो नंदा… थंडाच घेतो… नाई नाई, तिले नको सांगू, थे ऐकणार नाई." झालं! नणंदबाईचा पोरगा नुकताच नोकरीले पुण्याले गेलता, बाई घरी एकटी, इकडं भाऊ थंडा रंग पाहून राह्यला! आणखी काय पुरावा पायजे? कोर्टानं सुद्धा मानलं असतं!

मंग मीबी हट्ट धरला, गरमच पायजे! यायनं भितीवर दोन ठिपके मारून पाह्यले, एक पिस्ता, एक पपई. "इंदू, हात लावून पाह्य, पिस्ता थंडा लागते." लावला. खरं सांगू? लागला वं! पण म्हटलं, "छट्, दोन्ही सारखेच लागतात." हे म्हणे, "अवं, पपईकडं पाहूनच घाम येते!" म्हटलं, "येऊ द्या, मले घाम मानवते!" तीन दिवस मी दोन्ही टाईम नुसतं पिठलंच वाढलं. चवथ्या दिवशी यायनं मान खाली घातली अन् चारी भिती पपई! अशी रखरखीत खोली का आत मांजर झोपणार नाई, तिथं नणंदबाई काय झोपतीन! म्हटलं, इंदूबाई, वाचली तुही मशीन.

अन् गेल्या रविवारी आल्या ना नणंदबाई! मी पह्यले पिशवी पाह्यली. इवलीशी. मी काई संशयी बाई नाई, पण मोठी बॅग मागून येत असन म्हणून रस्त्याकडंबी पाह्यलं. नाई. बाई खोलीच्या दारात गेल्या अन् डोळ्यावर हातच धरला. "अवं वहिनी, हे काय करून ठेवलं? चैत्रात तुमाले मशीनवर चक्कर आलती ना, तवापासून दादा रोज मले फोन करून राह्यला. म्हणते, तुह्या घरचा थंडा रंग कोणता, इंदूले दुपारचं जरा बरं वाटलं पायजे… अन् तिले सांगू नको, माह्यासाठी कायले म्हणून थे अडवून धरन!" इतकं बोलल्या, च्या पेल्या अन् चारच्या एसटीनं गेल्याबी!

माय वं!… इतकं वाईट वाटलं मले. चुलीत घाला माहे कान.

आता भोगून राह्यली. त्या खोलीत सारंच पपईवर जाते हो! पांढरं पिवळं दिसते, गुलाबी नारंगी दिसते. परवा मास्तरीणबाईच्या गुलाबी ब्लाऊजले बदामी धागा घालून दिला मी! म्हणून एका हातात ब्लाऊज, एका हातात रीळ, भर उन्हात आंगणात जाऊन रंग जुळवते. हे म्हणतात, "इंदू, उन्हात कायले उभी हायेस?" म्हणते, "हवा खाते." सांगू कोणत्या तोंडानं?

काल म्हणाले, "पुढच्या वर्सी कोणता रंग देऊ?" म्हटलं, "तुमी म्हणान थो." पंचवीस वर्सांत पह्यल्यांदा म्हटलं हो! तं यायनं हातातला च्या खाली ठेवला, उठले, खोलीत डोकावून आले, दारातून रस्ता पाह्यला, अन् माह्याजवळ येऊन हळूच इचारतात, "इंदू… तुह्या माहेरचं कोण येऊन राह्यलं?"