एक्केचाळिसाव्या सेकंदानंतर

मी, कुशल हिरामण किणी, वय २३ वर्षे, शिक्षण दहावी पास, बारावी अपूर्ण, धंदा नोकरी (फ्लेक्स छपाईच्या दुकानात संगणकाचे काम), राहणार नालासोपारा पूर्व, स्वतः हजर राहून माझ्या हाताने लिहून देतो की,

दि. १६/०२/२०२५ रोजी, रविवारी, सकाळी ११.२० वाजता मी दुकानाच्या संगणकावरील जुन्या फायली काढून टाकत होतो, कारण जागा संपली होती. छपाईचे मशीन बंद होते. त्यात मला माझी आई मथुरा हिरामण किणी, वय ४९, हिचा एक व्हिडिओ सापडला. तो मीच दि. ०९/०३/२०२४ रोजी सायंकाळी ६.५० वाजता घरी दाराआडून काढला होता. लांबी १ मिनिट १२ सेकंद.

माझे वडील मिठागरावर कामाला होते. आईही तेथे डोक्यावरून मीठ वाहत असे. सन २०२२ मध्ये वडील वारले. त्यानंतर आई लवणमाता सेवा परिवार नावाच्या मंडळात जाऊ लागली. या मंडळाचे केंद्र औद्योगिक वसाहतीतील एका गाळ्यात आहे व ते विनया नावाच्या बाई चालवतात. त्यांना सर्व जण विनयाताई म्हणतात. मंडळातील बायका तिन्हीसांजेला मूठभर खडे मीठ हातात धरून त्याला दिवसभराचे दुःख सांगतात आणि ते मीठ खाडीत सोडतात. मिठाला सांगितलेले माणसाला सांगायचे नाही असा नियम आहे.

मला ते हसण्यासारखे वाटले होते. मी सदर व्हिडिओची प्रत करून तिच्यातील आईचा आवाज काढून टाकला व त्या जागी मीठ चिरक्या आवाजात उत्तरे देते असा आवाज भरला. आई पुटपुटत होती, दाराआडून शब्द कळले नव्हते, व मूळ आवाज मी त्या वेळीही ऐकला नाही. मशीन चालू होते व मला घाई होती. माझा मित्र सॅमी विनोदी व्हिडिओंचे पेज चालवतो, त्याला तो दिला. सॅमीने मला रु. १,५०० दिले. दोन लाख चौदा हजार लोकांनी तो पाहिला. बाजारात भाजीवाले आईला विचारू लागले, "मावशी, आज मीठ काय म्हणालं?" आईने मला काही विचारले नाही. दि. २०/०३/२०२४ रोजी ती दोन पातळे घेऊन केंद्रात राहायला गेली. व्हिडिओ मी दुसऱ्या दिवशी पेजवरून काढून टाकायला लावला, परंतु तोपर्यंत तो पुष्कळांकडे गेला होता.

दि. १६ रोजी मी मूळ आवाज कानाला लावून पहिल्यांदा ऐकला. पहिले चाळीस सेकंद आई वडिलांबद्दल बोलते. ते मी येथे लिहीत नाही, तक्रारीशी त्याचा संबंध नाही. एक्केचाळिसाव्या सेकंदापासून पुढे तिचे शब्द असे आहेत: "ताईंनी पासबुक ठेवून घेतलंय. कोऱ्या कागदावर अंगठा घेतला. परत मागितलं तर बोलल्या, तुझं काय ते मिठाला सांग, मला नको. कुशलला सांगेन म्हनते. आता नको, त्याचा पगार झाला की सांगेन. तो घाबरतो." नंतर ती थांबते व व्हिडिओ संपतो.

मी शटर ओढून घेतले. आई पूर्वी ज्यांच्याकडे घरकाम करायची त्या पापडी गावच्या लूर्डस मावशी, वय ६४, निवृत्त नर्स, यांना फोन केला. त्यांना घेऊन दुपारी १.१५ वाजता गाळ्यावर पोहोचलो. गाळ्याला सरकती लोखंडी जाळी असून तिला बाहेरून कुलूप होते. आत बारा बायका मसाल्याची पाकिटे भरून गरम मशीनवर बंद करत होत्या. विनयाताई बाहेरच्या बाजूने आल्या व म्हणाल्या की मथुराबाई मौनात आहेत, भेट होणार नाही. लूर्डस मावशी म्हणाल्या, "मौनात असू दे की. मी बोलायला नाही आले, बघायला आले." आई आपणहून जाळीपाशी आली. तिच्या उजव्या हाताला फडके गुंडाळलेले होते. मशीनवर हात भाजून नऊ दिवस झाले होते. दवाखान्यात नेले नव्हते. ती डाव्या हाताने पाकिटे भरत होती.

लूर्डस मावशींनी जाळीतूनच जखम धुतली, मलम लावले व पट्टी बांधली. मी आईला बाहेर चल म्हणालो. तिने सांगितले की कामाचे पैसे मिळत नाहीत, पासबुक आत आहे, निराधार योजनेचे पैसे त्यावर येतात आणि कुलपाची चावी ताईंकडे असते. नंतर म्हणाली, "आनि इथं माझ्यावर कोनी हसत नाय."

मी तिला सांगितले की मी आवाज ऐकला आहे व तो पोलिसांना ऐकवायचा आहे. आई म्हणाली, "ते मी मिठाला सांगितलं होतं, तुला नाय." तिने डाव्या हाताने पट्टीचे टोक आत खोचले. मग म्हणाली, "ऐकव. पन ते हसायला लागले की बंद कर."

परतीच्या रिक्षात मी म्हणालो की हे सगळे त्या मिठाच्या खुळामुळे झाले. लूर्डस मावशी म्हणाल्या, "आम्हीपण चर्चमध्ये जाळीमागून फादरला आपली पापं सांगतो. तिथे कोणी माझं पासबुक काढून घेतलं तर पासबुकाची तक्रार करीन, जाळीची नाही. तू कशाची करणार ते ठरव."

त्याच दिवशी सायंकाळी ४.३० वाजता मी या पोलीस ठाण्यात आलो. हजर असलेल्या हवालदार साहेबांना मोबाईलवर मूळ व्हिडिओ दाखवला. आठव्या सेकंदाला, आईने मूठ तोंडाजवळ नेली तेव्हा ते हसले. मी बंद केला. त्यांनी पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा आठव्या सेकंदाला ते व शेजारचे शिपाई हसले. मी पुन्हा बंद केला. त्यांना वाटले माझा मोबाईल अडकतो. त्यांनी चांगल्या मनाने मला सांगितले, "जादूटोण्याचं कलम लावू. मीठ बोलतंय म्हटल्यावर चॅनेलवाले धावत येतील बघ." नंतर त्यांनी दीड पान जबाब लिहिला. त्यात मीठ अकरा वेळा होते. भाजलेला हात एकदा होता. पासबुक व कुलूप नव्हते. मी सही केली नाही. त्यांनी विचारले, तक्रार करायची आहे की नाही. मी घरी गेलो.

म्हणून आज दि. १८/०२/२०२५ रोजी मी हा जबाब स्वतः लिहिण्याची परवानगी मागितली व ती मिळाली. आईने मीठ सोडावे अशी माझी मागणी नाही. मिठाने कोणाचा हात भाजलेला नाही व कोणाचे पासबुक ठेवलेले नाही. माझी तक्रार कुलूप, पासबुक, कोरे कागद, बिनपगारी काम आणि न केलेला उपचार यांच्याबद्दल आहे. बातमी मिठाची झाली तर मंडळ म्हणेल, आमच्या श्रद्धेची टिंगल होते. आणि ते खरे असेल, कारण ती मी केलेली आहे. आई तेव्हा पुन्हा काही सांगणार नाही. आत आणखी अकरा बायका आहेत, त्याही सांगणार नाहीत.

आज दुपारी ४.१० वाजता महिला उपनिरीक्षक मॅडमसमोर मी मोबाईल टेबलावर पालथा ठेवला, म्हणजे चित्र दिसू नये, आणि आवाज सुरू केला. परवाचे हवालदार साहेबही उभे होते. या वेळी बंद करावा लागला नाही. पूर्ण एक मिनिट बारा सेकंद झाले. हवालदार साहेबांनी विचारले, "पासबुक कुठल्या बँकेचं?" मी सांगितले व त्यांनी लिहून घेतले. मॅडमनी गाडी काढायला सांगितली आणि मला सोबत येण्यास सांगितले. मी विनंती केली की गाळ्यावर कोणीही मिठाचा विषय काढू नये. मॅडम म्हणाल्या, कोणी काढणार नाही.

गाडी येईपर्यंत हा मजकूर मॅडमनी मला वाचून ऐकवला. मी सांगितले व लिहिले तेच त्यात आहे, जास्त-कमी काही नाही. मॅडमनी हिशेब मागितला, तो खाली देत आहे.

आजपर्यंत झालेला खर्च: रिक्षा रु. ६०, मलम व पट्टी रु. १८५, झेरॉक्स रु. १४, मूळ व्हिडिओसाठी पेनड्राइव्ह रु. ३५०. एकूण रु. ६०९.

मंडळाकडून आईला येणे: दि. २०/०३/२०२४ ते १५/०२/२०२५, दिवस ३३३, अमावास्येची सुट्टी ११ वजा, कामाचे दिवस ३२२. शेजारच्या गाळ्यांतील रोज रु. ३०० प्रमाणे रु. ९६,६००. निराधार योजनेचे बारा महिन्यांचे रु. १८,०००. एकूण रु. १,१४,६००.

माझ्याकडून आईला येणे: व्हिडिओचे रु. १,५००. ते सोबत आणले आहेत.

(सही) कुशल हिरामण किणी