ओलं फडकं

न्हाय गं पोरी, सांगितलं की मगाशी, माझा सोपान काच आणाय इंदापूरला गेलाय. तू अशी उजवीकडं बस, डाव्या कानानं मला ऐकू येत न्हाय. योगिनी न्हवं का नाव तुझं? पुण्यास्नं आलीस, चित्रं न्यायला — आन् त्यालाबी? वरीसभर? बरं, बरं. मी आपली पुसता पुसता बोलते, दसरा आलाय तोंडावर. ही भिंत बघ. समदी गेलेली माणसं. हे गेणबा — जल्मात फेटा बांधला न्हाय, टोपीवर गेले, पर लेक म्हणाला फेटा पायजे, तोबी तुऱ्याचा! ही विजयमाला, आधार कार्डावरनं काढलीया. कार्डावर मारक्या म्हशीवानी बघत हुती, सोपाननं तिला हसवली. सून म्हणाली, आत्याबाई आमच्याकडं बघून कवा अशा हसल्या न्हाईत ओ! तेलाचे रंग हे. ओल्या फडक्यानं घासा, ढिम्म हालत न्हाईत. वर्षश्राद्धाच्या आदी माणसं नेत्यात. डोळे तेवढे शेवटाला काढतो त्यो, हितंच, घरच्यांना म्होरं बसवून — असंच बघायचे का, म्हणून इचारून. परवा एक म्हातारा, बायकोचे डोळे निघाल्यावर म्हणतो, आता तरी चहा टाक. आन् रडाय लागला.

पाण्याचे रंग निराळे. तुला ते पायजेत, ठावं हाय मला. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की बुडालेल्या जुन्या पळसदेव गावाचं देऊळ वर येतं, तवा हा होडीतनं जातो, चिखलात बसतो आन् कागदावर नुसतं पाणी सोडतो. मी म्हणते, मुडद्या, त्या देवळाच्या मागं माझं घर हुतं! नवी नवरी हुते मी. धरण भरलं, चुलीवरचा तवा उचलला आन् चुलीत पाणी आलं बघ. पुढं ह्याचा बाप त्याच पाण्यात मासं धराय गेला — जाळं तेवढं घावलं. र्‍हायलं कोण मग? हा येकटा. लगीनबी केलं न्हाय, म्हणतो, तेलाच्या वासात कोण नांदंल आई?

बोलावणं काय, मागंबी आलं हुतं. मुंबईचं. अकरा वर्सं झाली. दहा कागद धाडायचे हुते, समदे देवळाचे. मग काय — माझ्याच हातनं झालं ते. अशीच दसऱ्याची झाडलोट चाललेली, तसबिरी पुसल्या तसे तेबी पुसले. अडाणी बाई मी, मला काय ठावं पाण्याचा रंग पाण्यानं जातो! केवढी रडले. त्यानंच मला तांब्यानं पाणी पाजलं, म्हणाला, आई, जाऊ दे, चुकून झालं. त्या दिवसापासनं देवळाची चित्रं मला दावत न्हाय, पर कदी वाकडा शब्द न्हाय त्याचा. पयल्या कागदाला फडकं लावलं तसं देऊळ फडक्यावरच आलं — निळंशार. बादलीत पिळलं, बादली निळी. मग दुसरा कागद घेतला.

काय म्हणालीस? व्हय, दुसरा. मग तिसरा. दहा हुते म्हटलं न्हवं का... बघतीस काय अशी? डोळे चांगले हायती माझे, दिसत हुता की रंग निघताना. पर त्यो गेला असता गं! देऊळ तरी दर उन्हाळ्याला वर येतं, माणूस कुठं येतं? हे त्याच्याजवळ बोलू नगंस. माझ्या गळ्याची आण हाय तुला. मी मेल्यावर सांग हवं तर, माझे डोळे काढायच्या आदी —

मागं काय बघतीस सारखी?

सोपान.

कवा आलास? गाडीचा आवाज न्हाय आला मला. ती काच खाली ठेव, हात कापंल. बोल की काईतरी. शिवी दे. आरं, ही पोरगी तुला न्यायला आलीया, वरीसभर — जा तू. जा म्हणते! माझं काय, शेजारची सुप्रिया देती भाकरी. हितं चित्राम्होरं कशाला बसलास? त्या गेलेल्या दादासोंचे डोळे उद्या काढायचेत, त्यांची माणसं उद्या येणार, आज न्हाय. ऊठ. माझ्याकडं तरी बघ. सोपान, ऊठ की रं!

तू जा पोरी. न्हाय यायचा त्यो. रंगाच्या तेलाची बाटली उघडली त्यानं.