पालथी उशी

पायाचं प्लास्टर काढायला आलेल्या मास्तरांच्या समोरच्या बाकावर एक जोडपं बसलं होतं. कांजिण्यांच्या खपल्या धरलेली त्यांची मुलगी बाकावरून सारख्या उड्या मारत होती.

"चिमणे, बस गं!" वडील म्हणाले. "प्लेटलेट कमी झाल्यात तुझ्या. पडलीस तर रक्त थांबायचं नाही."

"अहो, त्या स्टिरॉइडला हो म्हणून टाका ना."

"अगं, कांजिण्यांत ते देत नाहीत, असं परवा हेच डॉक्टर म्हणाले. अंगातली ताकद कमी होते, कांजिण्या उलटल्या तर?"

"आणि आज काय म्हणाले?"

"नुसते डाग असतील तर थांबू. रक्त येत असेल तर मात्र द्यावंच लागेल."

"थांबू म्हणे! तोवर हिला काय खांबाला बांधू?"

"बाबा, सुई टोचणार?"

"रक्त आलं तरच. आलं का गं कुठून? नाकातून, हिरड्यांतून?"

"नाही."

"नक्की?"

"नाही म्हटलं ना!"

"बघ, नाही म्हणते. मग थांबू या."

उड्या बंद झाल्या. मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"आई, घरी गेल्यावर माझी उशी उचलू नकोस हं."

"का गं?"

"लाल झालीय. मी पालथी घालून ठेवलीय."

"अहो, बघत काय बसलात? डॉक्टरांना गाठा आधी!"