'इतर'च्या रकान्यात

(शाळा अर्धवट सुटलेल्यांसाठीच्या सरकारी शाळेतली प्रवेशाची खोली. मुख्याध्यापिका, कडेवर बाळ घेतलेली वहिनी आणि तिची सतरा वर्षांची नणंद.)

बाई : बाळ रडलं तरी चालेल हो. मागच्या खोलीत पाळणा आहे, तासातून उठून जाता येतं. शाळा कितवीत सुटली तुमची?

वहिनी : माझी? अहो, मी बी.एस्सी. आहे! प्रवेश हिला हवाय. माझी नणंद.

बाई : अरेच्चा! कडेवर मूल दिसलं की मी विद्यार्थीच धरून चालते.

वहिनी : आणि दारातल्या त्या दाढीवाल्या सरांनी आम्हाला इकडे...

बाई : तो अकरावीत आहे. सकाळी गॅरेज, दुपारी शाळा.

वहिनी : अगं बाई! मी त्यांना सारखं सर-सर करत होते.

नणंद : खूश दिसत होता.

बाई : बरं, शाळा का सुटली ते वर कळवावं लागतं. आमची निम्मी पोरं नोकरीवाली, काही आया, काही नापास, काही आजारपणामुळे मागे पडलेली. हिचं काय लिहू?

वहिनी : तेच तर कळत नाही! नापास नाही, आजारी नाही. रोज दप्तर घेऊन निघायची. अचानक फोन, नाव कमी केलंय म्हणून. सासूबाई म्हणतात, कुणीतरी मुलगा असणार.

नणंद : मुलगा-बिलगा नाहीये गं, वहिनी.

वहिनी : मग जायचीस कुठे?

नणंद : बागेत. बसून राहायचे.

बाई : का गं?

नणंद : माहीत नाही. एकदा दांडी मारली. दुसऱ्या दिवशी गेले, तर काल कुठे होतीस, असं कुणी विचारलंच नाही. शेजारच्या मुलीनेसुद्धा. म्हटलं बघू, कधी विचारतात.

वहिनी : हे कसलं कारण? बाई, याला रकाना तरी आहे का तुमच्याकडे?

बाई : 'इतर' आहे. पण पोरी, इथे तुला असं बसता येणार नाही. हजेरीला कुणी नसलं की वर्गातलं एकजण घरी जाऊन बघून येतं.

नणंद : रोज?

बाई : रोज. उद्या तुलाही जावं लागेल कुणाकडे. येशील?

नणंद : येईन.

वहिनी : अगं, पण मला सांगायचंस ना! मी घरातच असते की.

नणंद : तू बाळाला झोपवत असायचीस.

बाई : मग 'इतर' लिहू?

वहिनी : लिहा... छकुले, कुठली गं बाग?