आता धावायला कोण नेणार?

हाडांच्या दवाखान्यात समोरच्या बाकावर तिघं प्लास्टरसाठी थांबली होती. पाय सुजलेली बाई, तिचा नवरा आणि नवऱ्याची धाकटी बहीण. बहिणीला दिसत नव्हतं.

“आजपासून तुझं धावणं बंद.”

“का रे दादा? पडली कोण?”

“तुझी वहिनी पडली. तुझ्यापायी.”

“अहो, वन्संचा काय दोष? धावताना मी त्यांना खड्डा सांगितला आणि स्वतःच त्यात पाय घातला.”

“आणि वहिनीला घरी आणलं कोणी? ती वाट सांगत होती, मी तिला पेलत होते.”

“लोक हसतात आपल्याला.”

“हसू देत. त्यांचं ऐकून बारा वर्षं घरात बसले, कोणी बक्षीस नाही दिलं.”

“डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना? महिनाभर हिला पाय टेकायचा नाही. आता तुला कोण नेणार?”

“तू.”

“मी?”

“वहिनी धरते तसंच, दोरीचं एक टोक तुझ्या हातात, एक माझ्या. बाकी नुसतं तोंडाने सांगत राहायचं. ते तर तुला जमतंच.”

“अगं, माझं पोट बघितलंस का?”

“मी कुठलं बघणार? वहिनी, फार सुटलंय का गं?”

“बऱ्यापैकी.”

“मला नाही जमणार. सांगून ठेवतो.”

“मग मी एकटी जाईन. चौकापर्यंत चारशे बारा पावलं आहेत, पाठ आहेत मला.”

“वेडी आहेस का? रस्त्यावर गाड्या असतात!”

“म्हणून तर तुला विचारतेय.”

नवऱ्याने बायकोच्या सुजलेल्या पायाकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

“किती वाजता?”

“सहाला. आणि खड्डा आधी सांगायचा, पडल्यावर नाही.”