विसावं घर

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी नणंद-भावजय बसल्या होत्या. नणंद निवडणुकीआधी घरोघरी जाऊन लोकांचा कल विचारते, हे बोलण्यातूनच कळलं.

"वहिनी, शेवटचा फॉर्म मी बसस्टॉपवर बसून भरला."

"म्हणजे मनानेच?"

"पाय दुखत होते गं. वीस घरं हवी होती, दिलेल्या गल्लीत एकोणीस झाली होती. विसावी बाई मी मनातली घातली. वय एकसष्ट, एकटी राहते, मत ठरलेलं नाही."

"आणि फोन नंबर?"

"सुचेल तो टाकला."

"मग सापडलीस म्हणायची."

"इथला निकाल शे-दोनशे मतांवर फिरतो, म्हणून साहेब दर वीस फॉर्ममागे एकाला फोन करून खात्री करतात. नेमका तोच निघाला."

"लागला?"

"लागला. बाई म्हणाली, हो, आली होती मुलगी. वय, मत, सगळं जुळलं. साहेब खूश."

"कुणीतरी सांभाळून घेतलं असेल तुला."

"मलाही तसंच वाटलं. पण ती साहेबांना म्हणाली, पोरीचे पाय फार दुखत होते, मी पाणी दिलं. निळी छत्री विसरून गेली."

"तुझी छत्री कुठंय?"

"चार दिवस शोधतेय."

"तिकडे परत जाऊ नकोस."

"ती म्हणाली, मत आता ठरलंय, पण तिलाच सांगेन. येताना वहिनीलाही घेऊन ये म्हणावं."

"माझ्याबद्दल कशाला बोललीस तिथे?"

"कुणाशी बोलणार, वहिनी? त्या गल्लीत घरंच एकोणीस आहेत."